रात्री दोन ते पाच

आमचं घर खळग्यात आहे आणि माझ्या जावेचं टेकावर. मधे चढाची तीनशे पावलं. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा थोरल्याला, म्हणजे माझ्या फर्गलला, हे जुनं घर आणि झऱ्याचं पाणी दिलं, आणि धाकट्या लोर्कनला घर बांधायला रस्त्याकडेचा वरचा तुकडा. त्या तुकड्यात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नव्हतं आणि समुद्रावरून निघालेला वारा पहिल्यांदा तिथंच येऊन धडकायचा. सगळ्या गावाने तेव्हा मला नशीबवान म्हटलं. मलाही ते पटलं होतं. लोर्कनची बायको डर्व्हला दोरीवरून उडालेल्या चादरी शोधत आमच्या शेतात यायची, तेव्हा मी त्या गोळा करून, घडी घालून तिच्या हातात द्यायची. मला तिची कीव यायची आणि ती कीव मला फार आवडायची.

एकोणीस वर्षं हे असं सुरळीत चाललं. मग तिच्या घरी वीज स्वस्त झाली.

ऑक्टोबरात गेलेल्या सासूबाईंच्या नावाची प्रार्थना होती. चर्चमधून सगळे परस्पर डर्व्हलाकडे चहाला गेलो. हॅमचे सँडविच होते, सफरचंदाचा टार्ट होता. बोलणं पावसावरून गुरांवर आणि गुरांवरून मोटारींवर आलं. आमच्या भागात विजेची मोटार पहिल्यांदा मी आणली, जुनी, दुसऱ्याने वापरलेली का असेना. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवते, धुते-पुसते, खायला घालते. खालची चार घरं आणि डोंगरावरची तीन. पेट्रोल परवडेना म्हणून ती गाडी घेतली. त्यानंतर वर्षभराने डर्व्हलाने कोरी करकरीत घेतली. ती रोज स्लायगो शहरात जाते, इस्पितळात रक्त तपासायचं काम करते.

"तुला चार्जिंगला कसं पडतं गं, ब्रीज?" तिने टार्ट कापता कापता विचारलं.

"निम्म्या दराने. रात्री अकरा ते सकाळी आठ," मी म्हटलं. जरा मान ताठ करूनच म्हटलं.

"म्हणजे तो जुना मीटर अजून आहे तुमच्याकडे?" असं म्हणून ती हसली. वाईट नाही हसली. ती कधीच वाईट हसत नाही, हेच तर तिचं दुखणं आहे, म्हणजे माझं. "मी नवा लावून घेतला. त्याच्यावर गाडीवाल्यांसाठी वेगळा दर आहे. रात्री दोन ते पाच. अगदी मातीमोल. तीन तासांत गाडी भरते. स्लायगोला जाऊन यायचं ते एका कप कॉफीच्या पैशात."

"कॉफी तरी पुरी कुठली, अर्ध्या कपाच्या," लोर्कन म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. त्यावर निळ्या उभ्या काड्या होत्या. सगळ्या ठेंगण्या, आणि दोन ते पाचमधे तीन उंच. "बघ. काल रात्रीची."

मी बघितली. नको असलेला टार्टचा दुसरा तुकडा मी त्याच वेळी मागून घेतला आणि खाल्ला.

उतरताना फर्गल म्हणाला, "निम्मा दर पुष्कळ झाला आपल्याला."

"तुला झाला असेल," मी म्हटलं.

त्या रात्री दोन वाजता मला जाग आली. वर डर्व्हलाची गाडी मातीमोल भावात भरत असणार आणि खाली माझी निम्म्या भावात. निम्मा भाव आतापर्यंत मला चांगला वाटत होता. त्या दिवसापासून तो मला महाग वाटू लागला. गाडीत बसलं की वाटायचं, माझ्या प्रत्येक मैलावर मी तिच्यापेक्षा जास्त मोजतेय. ती नोकरी करते खुर्चीत बसून. मी वाकून वाकून पाठीचा खुळखुळा केलाय. आणि स्वस्त वीज तिला.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. कधीच नव्हती. इंटरनेटची तार रस्त्यापर्यंत आली, पण आमचा उतार उतरायला तिला अजून मुहूर्त सापडलेला नाही. फोन करायचा तर चढ चढून डर्व्हलाच्या दगडी भिंतीला टेकायचं, तिथं दोन काड्या दिसतात. गुरांचा डॉक्टर बोलवायचा, माझ्या ऑफिसातल्या नोरीनला निरोप द्यायचा, बहिणीचं बाळंतपण विचारायचं, सगळं त्या भिंतीला टेकून. भिंतीचा तेवढा दगड आमच्या कोपरांनी गुळगुळीत झालाय. आम्हाला त्याची इतकी सवय आहे की आपण चढून आलोय हेच लक्षात राहत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कुणाला न सांगता, मी तिथं उभी राहून वीज कंपनीला फोन लावला. दुपार होती आणि वारा होता. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"तुमच्याकडे दोन दरांचा जुना मीटर आहे. तो एकदा काढला की परत बसवता येत नाही. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल."

"नव्या मीटरमधे फोनसारखं सिमकार्ड असतं. तो आपणहून आकडे पाठवतो. घराशी मोबाईलला सिग्नल आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं, "तुमच्याशी बोलतेच आहे."

अशी मी शहाणी. हे मी नंतर इतक्या वेळा आठवलंय की त्या मुलीचा श्वाससुद्धा मला पाठ झालाय.

मीटरवाला अठ्ठावीस तारखेला आला. फर्गल मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात होता. अर्ध्या तासात जुना काळा मीटर खाली आला आणि पांढरा वर बसला. मग त्या माणसाने खिशातलं यंत्र काढलं, भिंतीशी धरलं, अंगणात गेला, परत आला, हात वर करून उभा राहिला.

"बाई, इथं तर काहीच पकडत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मीटर चालेल. आकडे फिरतील. पण तो कंपनीशी बोलणार नाही. बघू, कधी कधी महिन्याभरात लागते त्याला रेंज."

"आणि नाही लागली तर जुना परत लावाल?"

त्याने गाडीत टाकलेल्या काळ्या मीटरकडे बघितलं. "हा आता भंगारात," तो म्हणाला. माझ्याकडे बघून त्याला वाईट वाटलं असावं, कारण जाताना त्याने अंगणातला चिखल बुटाने उगाच जरा सारखा केला.

दोन जानेवारीला पत्र आलं. मीटर बोलत नाही, म्हणून दोन ते पाचचा दर देता येत नाही. जुना मीटर आता नाही, म्हणून निम्मा दरही नाही. रात्रंदिवस एकच दर, पुरा. सिग्नल असलेल्या जागी खांब रोवून मीटर तिकडे हलवता येईल, मात्र जागा दुसऱ्याची असल्यास मालकाची सही लागेल. सिग्नल असलेली जागा कुठली हे मला कुणी सांगायला नको होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं हातात घेऊन मी डर्व्हलाच्या दारात जायचं. त्यापेक्षा मी पायी फिरले असते.

पत्र मी पिठाच्या डब्यामागे सरकवलं.

त्या महिन्यात मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. कपडे वाळवायचं यंत्र बंद केलं आणि चुलीवर दोऱ्या बांधल्या. फर्गलच्या अंघोळीचं पाणी टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, चुलीवर तापवू लागले. गाडीतला हीटर बंद. थंडीत तशीही बॅटरी लवकर उतरते, त्यात हीटर म्हणजे चैन. दोन कोट घालायचे, मांडीवर घोंगडी, घोंगडीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी. काच आतून धुरकटायची, ती बाहीने पुसत मी डोंगर चढायची. म्हाताऱ्यांच्या घरी पोचायची तेव्हा माझे हात त्यांच्या हातांपेक्षा गार असायचे.

डोंगरावरचं शेवटचं घर फ्रान्सी मॅकटर्ननचं. चौऱ्याऐंशी वर्षांचा, लग्न न केलेला, डाव्या पोटरीवर भरत न येणारी जखम. सकाळी सातला त्याला उठवायचं, जखम धुवायची, दाढी करायची, लापशी द्यायची. मी गेले नाही तर तो गावातल्या वृद्धाश्रमात जाणार आणि तिथं महिन्याभरात मरणार, हे त्याला माहीत होतं, मलाही.

"आई गं," मी पोटरीला हात लावला तसा तो म्हणाला. "पोरी, माझ्याआधी तू मरतेस की काय? बर्फ आहेत हात."

"बाहेर गारठा आहे."

"गाडीत बसून येतेस ना? का ढकलत आणतेस?"

त्याने त्याच्या अंथरुणातली गरम पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आधी स्वतःला वितळव." ज्याची सेवा करायची त्याच्याच पिशवीवर हात शेकत मी पाच मिनिटं बसले.

"वीज आली ना इथं पहिल्यांदा," फ्रान्सी म्हणाला, "मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. कंपनीचा माणूस घरोघरी सह्या घेत फिरत होता. बाप सही करणार होता. तेवढ्यात कळलं, पलीकडच्या गिलमार्टिनने आधीच केलीय. मग बाप म्हणाला, त्याच्या मागून आम्ही करणार नाही. सहा वर्षं आम्ही कंदिलात बसलो. संध्याकाळी जेवायला बसलं की समोर गिलमार्टिनची खिडकी लखलखीत. बाप खुर्ची फिरवून बसायचा, भिंतीकडे तोंड करून. सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवला तो माणूस."

"मग?"

"मग मेला. आणि आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सही केली." तो खो-खो हसला आणि मग खोकला.

मला हसू आलं नाही. वस्तरा धुताना मी मनातल्या मनात म्हाताऱ्याची बाजू घेत होते.

जानेवारीच्या शेवटी मी भिंतीशी उभी राहून नोरीनला फोन केला. पुऱ्या दराने तेवढा चढ परवडत नाही, डोंगरावरची तीन घरं सोडते म्हटलं. ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत विचार कर. तू सोडलीस तर तिकडे जाणारं दुसरं कुणी नाही माझ्याकडे. फ्रान्सीचं काय होईल तुला माहितेय." मला माहीत होतं. तरी डर्व्हलाची सही मागायची जीभ वळत नव्हती. तुम्ही म्हणाल, माणसाचा जीव मोठा की तुझा तोरा. मीही स्वतःला हेच विचारत होते आणि उत्तर देत नव्हते.

ट्रॅक्टरला वाट करायला फर्गलने गाडी हलवली, तेव्हा त्याला ती घोंगडी आणि पिशवी सापडली. तो तशीच ती पिशवी हातात धरून स्वयंपाकघरात आला.

"गाडीत कोण आजारी आहे?"

मी डब्यामागचं पत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मेंढ्यांना औषध पाजून त्याची बोटं पिवळी झाली होती, ती कागदावर उमटली.

"तो मीटर आईने लावून घेतला होता," तो म्हणाला. "लोणी विकून."

"माहितेय मला."

"विचारायचं तरी होतंस."

एवढंच. मग तो बटाटे सोलून खाऊ लागला. तो ओरडला असता तर मी दोन शब्द बोलले असते. तीन दिवस तो माझ्याशी हवामानापलीकडे बोलला नाही, आणि गुरुवारी गुरांच्या बाजारात त्याने सगळं लोर्कनला सांगितलं.

त्याच संध्याकाळी डर्व्हला खाली आली. हातात मनुकांचा पाव, अजून कोमट. अंगावर छानसा रेनकोट.

"ब्रीज, अगं सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "रात्री गाडी आमच्याकडे लाव. चार्जर आहेच. दोन ते पाच. सकाळी घेऊन जा."

"नको," मी म्हणणार होते.

"लावेल," फर्गल म्हणाला. पावाचा तुकडा त्याच्या तोंडात होता. "उपकार झाले, डर्व्हला."

"उपकार कसले त्यात," ती म्हणाली आणि का कुणास ठाऊक, माझ्याकडे बघितलंच नाही.

शुक्रवारी मी नोरीनला सांगितलं, तिन्ही घरं ठेवते.

तेव्हापासून माझा रोजचा फेरा सुरू झाला. संध्याकाळी गाडी वर लावायची, तिच्या अंगणात, तिच्या भिंतीशी, तिची वायर जोडायची, आणि पावसात तीनशे पावलं उतरायची. सकाळी साडेपाचला विजेरी घेऊन परत चढायची. गाडी पोटभर चरलेली असायची. हीटर लावून मी डोंगर चढायची आणि ती ऊब मला चावायची. तिची ऊब. पैसे मी दर शनिवारी पाकिटात घालून तिच्या खिडकीत ठेवायची, ती सोमवारी त्यातले निम्मे आमच्या दारात परत ठेवायची. ती नीच असती तर मी सुखाने तिचा द्वेष केला असता. ती जितकी चांगली वागायची तितकं मला अंधारात चढताना धाप लागून वाटायचं, हिने मला पुरतं चितपट केलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी खालच्या घरांपैकी एकात गॅलॉग्ली म्हातारीचे केस धूत होते. तिची लेक स्लायगोला कामाला आहे, ती त्या दिवशी घरी होती.

"तुझ्या जावेचं बरं आहे ना घरात?" तिने विचारलं.

"का?"

"रोज संध्याकाळी पेट्रोल पंपामागच्या चार्जरवर गाडीत बसलेली असते. तासभर. सँडविच खात. आम्ही म्हटलं, नवऱ्याशी बिनसलं की काय."

तो पंपामागचा चार्जर म्हणजे दिवसाढवळ्या लुटणं. तिथं भरायचं तर पेट्रोल बरं. माझ्या हातातला फेस तसाच राहिला. तिच्याकडे चार्जर एक, तास तीन. त्या तीन तासांत एक गाडी भरते. माझी भरत होती.

माझ्या जागी दुसरी असती तर तिचे डोळे भरून आले असते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ही मला नुसती वीज देत नव्हती, स्वतः उपाशी राहून देत होती. वर सांगत नव्हती. पुढं कधीतरी मला कळावं आणि मी जन्मभर मान खाली घालून तिच्या भिंतीशी उभं राहावं, असंच तिला वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी गाडीकडे गेले नाही. तिचं दार वाजवलं. तिच्या स्वयंपाकघरात दिवा होता. ती गाऊनवर लोर्कनचा जाड स्वेटर घालून उभी होती. आत गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या घरात वारा ऐकू येत नाही असा एक क्षण नसतो. खिडक्या थरथरत होत्या. दाराखाली तिने टॉवेल गुंडाळून लावला होता.

"पंपामागे काय करतेस रोज?" मी विचारलं.

ती बसली. "कुणी सांगितलं?"

"ते राहू दे. आजपासून माझी गाडी इथं लागणार नाही. मला तुझं दान नको."

"दान नाही ते."

"मग काय आहे?"

"तुला सकाळी सातला म्हाताऱ्याला उठवायचं असतं. माझं काम नऊला सुरू होतं. मी वाटेत भरू शकते, तू नाही."

"हे तू ठरवणार?"

ती उठली. ड्रॉवर उघडला, एक कागद काढला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मीटर हलवण्याचा कंपनीचा अर्ज होता. जागेच्या मालकाच्या रकान्यात तिचं नाव, तिची सही. "हे घे. खांब माझ्या भिंतीच्या आत रोव. तुमचा मीटर तुमचा, तुमचा दर तुमचा. मग लावू नकोस गाडी इथं."

मी कागद उचलला. पुढची शिवी तोंडात तयार होती. तेवढ्यात सहीखालची तारीख दिसली. एकोणतीस नोव्हेंबर.

मीटर बसला अठ्ठावीसला. पत्र आलं दोन जानेवारीला. फर्गलला कळलं जानेवारीच्या अखेरीस.

"डर्व्हला," मी म्हटलं, "हे तुला तेव्हा कसं ठाऊक?"

तिने किटली भरली, तिला काहीतरी हातात हवं होतं म्हणून. पाठमोरीच बोलली.

"तू फोन करत होतीस त्या दिवशी मी घरी होते. भिंतीच्या आत चादरी काढत होते. ती बाई तुला सिग्नल विचारत होती आणि तू म्हणालीस, तुमच्याशी बोलतेच आहे. मला हसू आलं आधी. मग कळलं, तू खरंच लावून घेणार. दोन पावलं पुढं यायचं होतं मला. 'ब्रीज, तुझ्या घरी रेंज नाहीये गं,' एवढंच म्हणायचं होतं."

"मग?"

"नाही आले."

"का?"

किटलीचं झाकण ती लावत होती आणि ते बसत नव्हतं.

"मला वाटलं, हिचंही एकदा काहीतरी उडून जाऊ दे," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी तुझ्या दारात माझ्या चादरी मागायला येते. तू घडी घालून देतेस. किती नीट घडी असते तुझी. कोपऱ्याला कोपरा. मी वर येईपर्यंत रडायचे त्या घडीवर. खाली तुमच्या धुराड्यातून धूर कसा सरळ वर जातो, ते बघत मी या खिडकीत भांडी घासते. लोर्कन आठवड्यातले चार दिवस डब्लिनला. तुम्ही दोघं खाली दिव्यात बसलेले. सासूबाईंनी मीटरसुद्धा तुलाच ठेवला." तिने झाकण पुन्हा दाबून बघितलं. "मीटर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मीटरवाल्याची व्हॅन जाताना थांबली होती इथं, तिच्यात मागे तुझा मीटर पडलेला बघितला होता मी. अर्ज काढला, सही केली. पण घेऊन कशी येणार? तुला अजून काही कळलंच नव्हतं. मला कसं कळलं, ते सांगावं लागलं असतं."

मला राग यायला हवा होता. तिच्या दोन पावलांपायी मी महिनाभर गारठले होते, नवऱ्याची नजर चुकवली होती, एका म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात ढकलायला निघाले होते. मी वाट बघितली रागाची. तो आला नाही. त्याच्याऐवजी छातीवरून काहीतरी जड उचललं गेल्यासारखं झालं आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. ही बाईही जळत होती. तिथं वर, इतक्या वाऱ्यात, माझ्यावर जळत होती. आणि मी एकोणीस वर्षं समजत होते की हे पाप एकट्या माझ्या पोटात आहे.

"ती घडी," मी म्हटलं, "मी मुद्दाम घालायचे."

"माहितेय मला," ती म्हणाली.

मग झाकण मी लावून दिलं. चहा आम्ही उभ्यानेच घेतला, कारण सहा वाजत आले होते आणि फ्रान्सी वाट बघत होता.

घरी फर्गलला अर्ज दाखवला.

"दिली तिने सही?" तो म्हणाला. "चांगली आहे हो ती."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतकी वर्षं ऐकत आले आणि दर वेळी आतून करपत आले. "कसली चांगली," मी म्हटलं. "माझ्यासारखीच आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, मी तिला शिव्या देतेय. तारखेचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

खांब मार्चच्या शेवटी उभा राहिला, डर्व्हलाच्या भिंतीच्या आत. पांढरा मीटर त्यावर चढला आणि तिसऱ्याच दिवशी कंपनीशी बोलू लागला. फ्रान्सीला सांगितलं तर तो म्हणाला, "चला, मला मारायचं पुढं ढकललंत तर."

पहिल्या आठवड्याचा आकडा बघायला मी फोन घेऊन भिंतीशी गेले. डर्व्हला आतल्या बाजूला झुडपं छाटत होती. कात्री खाली ठेवून ती आली.

"किती पडले गं?"

मी फोन तिच्यापुढे धरला. माझी गाडी लहान, धाव कमी. निळ्या काड्या तिच्यापेक्षा ठेंगण्या होत्या. तिने त्या नीट बघितल्या, मनात काहीतरी मांडलं.

"माझ्यापेक्षा कमी," ती म्हणाली.

"गाडी लहान ना माझी."

"हो. तेही आहे," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. क्षणभरच. पण ते मला चांगलं ओळखीचं होतं.

"खाली ये," मी म्हटलं. "चहा टाकते."

इतक्या वर्षांत ती काही मागायला किंवा द्यायला सोडून आमच्याकडे उतरली नव्हती. तिने हातमोजे काढून भिंतीवर ठेवले आणि माझ्यामागून उतरू लागली.